षष्ठी कुणाला लागते? : बोलण्यातल्या इंग्रजीच्या अभ्यासाला प्रस्तावना

मराठी माध्यमात इंग्रजी शिकलेल्या बहुतेकांनी एक नियम कधी ना कधी वहीत उतरवून घेतलेला असतो : सजीवाला अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस, निर्जीवाला ऑफ. राजाचा मुकुट म्हणजे ‘द किंग्ज क्राउन’ आणि टेबलाचा पाय म्हणजे ‘द लेग ऑफ द टेबल’. नियम पाठ करायला सोपा आहे, परीक्षेत उपयोगी आहे, पण इंग्रजी बोलणाऱ्याने तोंड उघडले की लगेच अपुरा पडतो. ‘टुडेज पेपर’, ‘लंडन्स वेदर’, ‘अ वीक्स लीव्ह’ यांत सजीव कोण आहे? उलट ‘द डेथ ऑफ द किंग’मधला राजा सजीव असूनही, निदान थोड्या वेळापूर्वीपर्यंत तरी, त्याला ‘ऑफ’च मिळतो.

हा नियम अपुरा आहे हे शिक्षकांनाही ठाऊक असते. पण त्याची खरी उणीव वेगळीच आहे. दोन पर्यायांपैकी कोणता घ्यायचा एवढेच तो सांगतो. अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस नेमका कशाला लागतो, हा त्याआधीचा प्रश्न तो विचारत नाही. नामाला लागतो, असे आपण गृहीत धरतो, कारण विभक्तिप्रत्यय नामाला लागतात असे आपण शिकलो आहोत. इंग्रजी षष्ठीच्या वाक्यरचनेचा अभ्यास सुरू होतो तो हे गृहीत डळमळू लागते तिथून. ते सर्वांत जास्त डळमळते ते छापील पानावर नाही, तर बसमध्ये, स्वयंपाकघरात, फोनवर चाललेल्या बोलण्यात. या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती पहिला नकाशा द्यावा, एवढाच पुढील पानांचा हेतू आहे.

लिपीविषयी एक खुलासा आधीच केलेला बरा. इंग्रजी उदाहरणे इथे देवनागरीत दिली आहेत, आणि या विषयापुरती ती सोयीचीच आहेत. अ‍ॅपॉस्ट्रॉफी ही डोळ्यांसाठी केलेली खूण आहे. कानाला ती नसतेच. एका मुलाचे, अनेक मुलांचे आणि नुसती अनेक मुले, ही तिन्ही रूपे इंग्रज माणूस ‘बॉइज’ अशीच उच्चारतो. ‘जॉन्स’ ऐकल्यावर ते जॉनचे आहे, जॉन आहे की जॉनने काही केले आहे, हे पुढचे शब्द ऐकल्याशिवाय कळत नाही. देवनागरीत लिहिले की खूण गळते आणि आवाज उरतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘द किंग ऑफ इंग्लंड्ज डॉटर’ हा पदबंध घ्या. मुलगी राजाची आहे, इंग्लंडची नव्हे. पण ‘स’ इंग्लंडला चिकटला आहे. व्याकरणकार याला समूहषष्ठी म्हणतात. प्रत्यय ‘द किंग ऑफ इंग्लंड’ या सगळ्या समूहाला लागतो आणि समूहाचा शेवटचा शब्द जो असेल त्याच्यावर बसतो. हे उदाहरण पाठ्यपुस्तकी आहे, म्हणून सभ्य आहे. बोलण्यात ‘स’ फारसा भिडस्त नसतो. ‘द गाय आय वर्क विथ्स कार’ : मी ज्याच्याबरोबर काम करतो त्या माणसाची गाडी. इथे ‘स’ एका शब्दयोगी अव्ययावर बसला. ‘द मॅन आय मेट यस्टरडेज हॅट’ : टोपी कालची नाही, काल भेटलेल्या माणसाची आहे. ‘अ फ्रेंड ऑफ माइन्स कार’मध्ये तर ‘माइन’ या आधीच षष्ठ्यंत असलेल्या रूपावर दुसरी षष्ठी चढली आहे.

मराठी वाचकाला हे विचित्र वाटते, आणि का वाटते हे पाहिले की अर्धा विषय समजतो. आपला ‘चा’ही खरे तर समूहालाच लागतो; ‘राम आणि श्यामचे घर’ म्हणताना आपण तो एकदाच, शेवटी लावतो. पण मराठीत नामाची विशेषणे, मग ती कितीही लांब असोत, नामाच्या आधी येतात : ‘काल बाजारात भेटलेल्या उंच माणसाची टोपी’. मुख्य नाम आणि समूहाचा शेवट एकाच जागी असतात. त्यामुळे ‘चा’ नामाला लागतो की समूहाला, असा पेच मराठीत सहसा उभाच राहत नाही. इंग्रजीत ‘ऑफ’ने जोडलेले पद, संबंधी वाक्य, स्थळ सांगणारे शब्द नामाच्या मागून येतात. तिथे मुख्य नाम एकीकडे आणि समूहाचा शेवट दुसरीकडे, अशी फारकत होते. मग प्रत्ययाला निवड करावी लागते. सामान्यरूपाचीही यात भूमिका आहे. ‘मुलगा’चे ‘मुला’ झाल्याशिवाय ‘चा’ लागत नाही, म्हणजे आपला प्रत्यय शब्दाच्या अंगात शिरतो. इंग्रजी ‘स’ शब्दाला हात लावत नाही, म्हणून तो कुठल्याही शब्दाशेजारी बसू शकतो.

तो नेहमीच असा नव्हता. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे 1100पूर्वी, षष्ठी ही आपल्या संस्कृतसारखी खरीखुरी विभक्ती होती. ‘-एस’ हा प्रत्यय पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांच्या काही गटांपुरता, तोही एकवचनात. स्त्रीलिंगी नामांचे आणि अनेकवचनाचे प्रत्यय वेगळे. 25 मार्चच्या सणाला इंग्रजीत ‘लेडी डे’ म्हणतात, त्यात ‘स’ नाही, तो त्या जुन्या स्त्रीलिंगी षष्ठीचा अवशेष. ‘आल्फ्रेड राजाचा’ म्हणायचे तर त्या काळी आल्फ्रेड आणि राजा या दोन्ही शब्दांना प्रत्यय लागे. पुढे विभक्त्या झिजल्या, ‘-एस’ सगळ्या नामांवर पसरला आणि ‘ऑफ’ने मोठा प्रदेश काबीज केला. कवी चौसरच्या काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, ‘राजाचा मुलगा इंग्लंडच्या’ अशा धाटणीची तुटक रचना सर्रास होती : ‘स’ राजावर, मग मुलगा, आणि ‘ऑफ इंग्लंड’ शेवटी लोंबकळत. पुढच्या दोनेकशे वर्षांत ‘स’ सरकत समूहाच्या टोकाशी गेला.

याच संक्रमणात एक गमतीची रचना फोफावली : ‘द किंग हिज सन’, राजा त्याचा मुलगा. बेन जॉन्सनच्या 1605 साली छापलेल्या नाटकाचे नावच ‘सेजेनस हिज फॉल’ असे आहे. यावरून अनेकांनी समज करून घेतला की ‘स’ हा ‘हिज’चाच संक्षेप आहे. जोसेफ अ‍ॅडिसनने 1711 साली ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात तशीच मांडणी केली. सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात तिला उत्तर दिले : स्त्रीवाचक नामांनाही हाच ‘स’ लागतो, तिथे ‘हिज’ कुठून येणार? उत्तर बिनतोड आहे. पण मला अ‍ॅडिसनची बाजू पूर्ण सोडवत नाही. व्युत्पत्ती म्हणून त्याचे म्हणणे चूक होते. त्या काळच्या लोकांना ‘स’ हा शब्दाच्या शेपटापेक्षा सुटा शब्द वाटू लागला होता, एवढे मात्र त्यातून नक्की दिसते.

या सगळ्याला शास्त्रीय विषयाचे रूप दिले ते डॅनिश भाषाभ्यासक ओटो येस्पर्सन यांनी. 1894च्या ‘प्रोग्रेस इन लँग्वेज’मध्ये त्यांनी समूहषष्ठीचा इतिहास बारकाईने मांडला. विभक्त्या झडणे म्हणजे भाषेची अधोगती, असा तेव्हाच्या विद्वानांचा सूर होता. येस्पर्सन यांना हीच गोष्ट प्रगती वाटली : एकच प्रत्यय, कुठेही लावता येणारा, नेमका. ‘प्रगती’ हा शब्द आज कुणी वापरणार नाही, पण त्यांनी गोळा केलेली उदाहरणे अजून अभ्यासकांना पुरतात.

पुढचा वाद तांत्रिक आहे, पण त्याचा गाभा सोपा आहे. ‘स’ हा प्रत्यय आहे की क्लिटिक, म्हणजे वाक्यरचनेत सुटा शब्द असूनही उच्चारात शेजाऱ्यावर टेकलेला घटक? समूहाच्या टोकाला बसतो, म्हणून क्लिटिक म्हणावे असे वाटते. पण अर्नल्ड झ्विकी यांनी 1987 साली एक अडचण दाखवली. अनेकवचनी ‘स’नंतर षष्ठीचा ‘स’ गायब होतो; ‘द बॉइज रूम’मध्ये दोन ‘स’ ऐकू येत नाहीत. तेही मुख्य नामापुरते नाही, समूहाच्या टोकाचा शब्द अनेकवचनी असला तरी असेच होते. ‘इज’ या क्रियापदाचा आखडलेला ‘स’ मात्र त्याच जागी गायब होत नाही. खरा सुटा शब्द शेजाऱ्याच्या अंतर्गत घडणीची अशी चौकशी करत नाही; ती प्रत्ययाची सवय. म्हणून झ्विकी यांनी मधला मार्ग काढला : प्रत्ययच, पण पदबंधाच्या कडेला लागणारा. त्याच वर्षी स्टीव्हन अ‍ॅबनी यांनी एमआयटीतल्या प्रबंधात नामपदबंधाचा मुख्य घटक नाम नसून ‘द’, ‘धिस’ यांसारखा निर्धारक असतो असा सिद्धान्त मांडला, आणि त्यात ‘स’ला ‘द’च्या पंक्तीत बसवले. ‘द जॉन्स बुक’ असे का म्हणता येत नाही, याचे त्यातून चोख उत्तर मिळते : जागा एकच आहे आणि ती भरलेली आहे. शाळेत हे कुणी सांगितले असते तर बऱ्याच लाल रेघा वाचल्या असत्या.

सिद्धान्त मोहक असतात, पण ते बहुधा अभ्यासकांनी खुर्चीत बसून रचलेल्या वाक्यांवर उभे असतात. लोक खरोखर काय बोलतात? मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड डेनिसन, अ‍ॅलन स्कॉट आणि कर्स्टी बोर्यार्स यांनी 2010 साली ब्रिटिश नॅशनल कॉर्पस (बीएनसी) या भाषासंग्रहातल्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. त्यांना आढळले ते असे की पुस्तकांत मिरवणारी लांबलचक समूहषष्ठी प्रत्यक्ष बोलण्यात फार कमी येते. लोक ती टाळतात. आणि चौसरच्या काळाबरोबर संपली असे समजली गेलेली तुटक रचना अजून जिवंत आहे : ‘स’ मुख्य नामावर, मग मालकीची वस्तू, आणि ‘तो छत्रीवाला’ या धाटणीचा तपशील मागाहून. बोलणारा आधी माणूस म्हणतो, मग त्याची वस्तू, मग आठवते की कोणता माणूस हे सांगायचे राहिले.

या क्षेत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट इथे आहे. व्याकरण काय करू देते आणि बोलणारे काय करतात यांत अंतर असते, आणि ते अंतर हाच अभ्यासाचा विषय आहे. टाळणे हासुद्धा पुरावाच. ‘दॅट ब्लोक ओव्हर देअर, व्हॉट्स हिज नेम’ असे म्हणून लोक अवघड जागेला वळसा घालतात. मराठीत आपणही ‘तो कोपऱ्यात उभा आहे ना, त्याची टोपी’ असे म्हणतोच. लिखाणात असा वळसा दिसत नाही, कारण संपादक तो सरळ करून टाकतात.

सर्वनामांपाशी प्रकरण आणखी रंगते. ‘आय’चे ‘माय’, ‘ही’चे ‘हिज’ : इथे अख्खा शब्दच बदलतो, समूहाच्या टोकाला काही लावण्याची सोय नाही. मग ‘माझे आणि माझ्या बायकोचे घर’ कसे म्हणायचे? ‘जॉन अँड मेरीज हाउस’चा साचा इथे चालत नाही. ‘माय वाइफ्स अँड माय हाउस’ बरोबर आहे, पण बोलणाऱ्याच्या तोंडात ते अडखळते. म्हणून ‘मी अँड माय वाइफ्स हाउस’ ऐकू येते, ब्रिटनमध्ये ‘माइन अँड जॉन्स’ ऐकू येते, आणि सुशिक्षितांच्या तोंडी हल्ली सर्रास ‘माय वाइफ अँड आय्ज हाउस’ असते. शुद्धतावाद्यांच्या अंगावर शहारे आणणाऱ्या या शेवटच्या रचनेत ‘स’ने शब्दाच्या रूपाला न जुमानता समूहाचे टोक गाठले आहे, म्हणजे तो येस्पर्सन यांच्या नियमाशी बोलणाऱ्यांच्या टीकाकारांपेक्षा अधिक इमानी आहे. ‘समबडी एल्स’ची कथाही अशीच. एकोणिसाव्या शतकात ‘समबडीज एल्स’ हे रूप शिष्ट लेखनात चालत असे. आज ते कुणाच्या ओठावर येत नाही, ‘समबडी एल्सेस’च येते.

प्रादेशिक इंग्रजीत या सर्वनामांचा स्वतंत्र बाजार आहे. इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये ‘माइन’च्या चालीवर ‘हिजन’, ‘हर्न’, ‘योर्न’ अशी रूपे घडली, तीच अमेरिकेतल्या अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातही आढळतात. स्कॉटलंडमध्ये ‘माइन’लाच आणखी ‘स’ लावून ‘माइन्स’ होते. उत्तर इंग्लंडमध्ये घरच्या माणसाचे नाव ‘आवर केव्हिन’ असे ‘आमचा’ लावून घेतात, आणि हे मात्र आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकन तरुण ‘यू गाइज’ला षष्ठी लावताना ‘युअर गाइजेस’ असे दोन्हीकडून बांधून घेतात.

यांतले एक प्रकरण मात्र नुसते मौजेचे नाही. आफ्रिकन-अमेरिकन इंग्रजीत ‘माय ब्रदर हॅट’ असे ‘स’शिवाय म्हणता येते. शाळांनी याला दीर्घकाळ आळशी उच्चार मानले आणि त्यापायी मुलांना कमी लेखले. विल्यम लबॉव आणि सहकाऱ्यांनी न्यू यॉर्कच्या हार्लेममधील बोलीचा अभ्यास करून 1968 साली अहवाल दिला. ‘टोपी भावाची आहे’ अशा वाक्यात, म्हणजे जिथे मालकीची वस्तू मागून येत नाही तिथे, तीच मुले ‘स’ जवळजवळ कधीच गाळत नाहीत : ‘धिस इज माय ब्रदर्स’. आळस असता तर तो दोन्हीकडे दिसला असता. दोन नामे शेजारी आली की त्यांचा क्रमच संबंध सांगतो, तिथे ‘स’ ऐच्छिक. क्रम सांगू शकत नाही तिथे आवश्यक. हा काटेकोर वाक्यरचनेचा नियम आहे, आणि तो मोडतो कोण, तर तो न ओळखणारा परीक्षक.

‘स’ की ‘ऑफ’, या शाळकरी प्रश्नावर आता भरपूर संख्यात्मक काम झाले आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. अ‍ॅनेट रोजेनबाख यांच्या 2002च्या ग्रंथाने दाखवले की सजीवता हा मोठा घटक आहे, पण एकटा नाही. मालक आधीच्या बोलण्यात येऊन गेला आहे का, संबंध नात्याचा किंवा अवयवाचा आहे का, यांचाही भार पडतो. दोन पदांपैकी लांब कोणते, यानेही पारडे झुकते. लार्स हिनरिक्स आणि बेनेडिक्ट श्मरेचान्यी यांनी 2007 साली 1960च्या आणि 1990च्या दशकांतल्या वृत्तपत्री इंग्रजीची तुलना केली. ‘स’ वाढत होता, अमेरिकेत अधिक वेगाने. आपल्या वहीतला नियम अशा रीतीने जागा बदलतो आहे.

अर्थाच्या बाजूने पाहायचे तर मराठी वाचकाला एक वारसा आधीच मिळालेला आहे. ‘जॉन्स बुक’ म्हणजे जॉनने विकत घेतलेले, लिहिलेले, वाचत असलेले किंवा त्याच्यावर लिहिलेले पुस्तक. या सगळ्यांना ‘मालकी’ म्हणणे ओढूनताणून होते. पाणिनीने षष्ठीचा अर्थ सांगताना ‘शेष’ हा शब्द योजला, म्हणजे इतर कारकांनी न व्यापलेले उरलेले सगळे संबंध. पाश्चात्त्य अभ्यासक आज वेगळ्या वाटेने बऱ्याच अंशी तिथेच पोचले आहेत.

दोन जुनी भांडणे नव्या अभ्यासकाच्या वाटेत येतील. पहिले, ‘माय गोइंग’ की ‘मी गोइंग’, म्हणजे ‘-इंग’ रूपाच्या कर्त्याला षष्ठी लावावी की नाही. कोशकार फाउलर बंधूंनी 1906 साली दुसऱ्या रचनेवर तोफ डागली, येस्पर्सन यांनी 1920च्या दशकात तिचा जुना आणि प्रतिष्ठित वापर दाखवून बचाव केला. बोलणाऱ्यांनी निकालाची वाट पाहिली नाही; ‘मी’ जिंकला. दुसरे, षष्ठ्यंत नामाकडे सर्वनामाने निर्देश करावा का. अमेरिकेतल्या एका शालेय चाचणी परीक्षेत टोनी मॉरिसन यांच्या प्रतिभेविषयीचे वाक्य होते, त्यात ‘टोनी मॉरिसन्स’ या षष्ठीनंतर ‘हर’ आले होते. षष्ठ्यंत नाम विशेषण ठरते, सबब ‘हर’ निराधार, असा आक्षेप एका शिक्षकाने घेतला, आणि 2003 साली तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला. माझ्या मते आक्षेप पोकळ होता. त्या कसोटीला इंग्रजीतला एकही चांगला गद्यलेखक उतरणार नाही.

वाचायला सुरुवात कुठून करावी? येस्पर्सन आधी, कारण ते वाचनीय आहेत. मग हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002च्या केंब्रिज व्याकरणातले नामपदबंधाचे प्रकरण. झ्विकी आणि अ‍ॅबनी त्यानंतर. पण वाचनाबरोबर ऐकणेही सुरू ठेवा. लँकेस्टर विद्यापीठ आणि केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस यांनी केलेला ‘स्पोकन बीएनसी 2014’ हा संग्रह नोंदणी करून विनामूल्य शोधता येतो. त्यात 2012 ते 2016 या काळात ध्वनिमुद्रित केलेल्या घरगुती संभाषणांचे सुमारे 1 कोटी 15 लाख शब्द आहेत. ऐकलेले किंवा सापडलेले वाक्य दुरुस्त न करता उतरवा. त्याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्यही घ्या, कारण वळसा बहुधा तिथे असतो. आणि शोध घेताना एवढे ध्यानात ठेवा की ब्रिटिश नॅशनल कॉर्पसच्या परंपरेत षष्ठीचा ‘स’ आधीच्या शब्दापासून तोडून, स्वतंत्र शब्दासारखी स्वतःची खूण लावून नोंदलेला असतो.